एका पदकाचीं चौदा वर्षें

युद्धांत पराक्रम केलेल्या सेनापतीचा गौरव कसा करावा, ह्याविषयीं निरनिराळ्या लोकांच्या रीति निरनिराळ्या आहेत. पेशवाईंत वस्त्रें, शिरपेच, कंठी, हत्ती, पालखी आणि सरंजाम देण्याची चाल होती. वस्त्रें विटत, हत्ती मरे, सरंजाम पुढेंमागें जप्त होई. दप्तरांतील नोंद तेवढी मागें राही. युरोपांत पंधराव्या शतकापासून दुसरी एक चाल पडली. ज्याचा गौरव करावयाचा त्याचा मुखवटा धातूच्या चकतीच्या एका अंगास उठवावयाचा, दुसऱ्या अंगास त्याच्या कृत्याचें चित्र काढावयाचें, भोंवतीं लॅटिन भाषेंतील चार शब्द घालावयाचे, सोन्याची एक प्रत त्या पुरुषास अर्पण करावयाची आणि तांब्याच्या किंवा ब्राँझच्या प्रति इतरांच्या हातीं जाऊं द्यावयाच्या. आपल्याकडील ताम्रपट आणि नाणें ह्या दोहोंचें हें अपत्य आहे असें म्हटलें तरी चालेल. ताम्रपटाप्रमाणें तें कांहीं सांगतें, आणि नाण्याप्रमाणें तें एका हातांतून दुसऱ्या हातांत जातें.

अशा पदकांपैकीं एकाची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. संग्राहकांत तें ‘बोस्टनपुढील वॉशिंग्टन’ ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. त्याचा व्यास ६८ मिलिमीटर, म्हणजे आपल्या घरांतील लहानशा वाटीच्या तोंडाएवढा. तें देण्याचा ठराव १७७६ च्या मार्चमध्यें झाला आणि तें सेनापतीच्या हातीं पडलें १७९० च्या मार्चमध्यें. मधल्या चौदा वर्षांत एक राष्ट्र जन्मास आलें आणि त्याच्या सेनापतीनें तरवार खालीं ठेविली. पदक मात्र तयार होईना.

प्रथम प्रसंग काय होता तें सांगितलें पाहिजे. १७७५ च्या एप्रिलमध्यें लेक्झिंग्टन व काँकर्ड येथें पहिल्या गोळ्या झाडल्या गेल्या आणि इंग्रजांची फौज बोस्टन शहरांत कोंडली गेली. त्या काळीं बोस्टन म्हणजे जवळजवळ बेटच. एका अरुंद पट्टीनें तें मुख्य भूमीस जोडलेलें होतें. भोंवतीं वेढा घालून बसलेले लोक शेतकरी, सुतार, दुकानदार असे होते. त्यांचें सेनापतित्व १७७५ च्या जुलैमध्यें जॉर्ज वॉशिंग्टन ह्या व्हर्जिनियाच्या जमीनदारानें हातीं घेतलें, तेव्हां त्याला असें दिसून आलें कीं माणसें आहेत, पण दारू नाहीं आणि भारी तोफाही नाहींत.

तोफा आणून देणारा गृहस्थ पेशानें पुस्तकविक्या होता, ही गोष्ट आमच्या पुस्तकप्रिय वाचकांस खचित आवडेल. हेन्री नॉक्स हा बोस्टनमधील पंचवीस वर्षांचा दुकानदार. दुकानांतील पुस्तकें वाचूनच त्यानें तोफखान्याचें शास्त्र आत्मसात् केलें होतें. १७७५ च्या डिसेंबरांत तो उत्तरेकडील टिकाँडरोगा किल्ल्यावर गेला आणि तेथील ५९ तोफा त्यानें बैलांच्या घसरगाड्यांवर घालून बर्फांतून व गोठलेल्या नद्यांवरून सुमारें ३०० मैल ओढीत आणल्या. एकंदर वजन सुमारें ६० टन होतें. त्यांचा उपयोग १७७६ च्या मार्चमध्यें झाला. ता. ४ च्या रात्रीं वॉशिंग्टनच्या लोकांनीं शहराच्या दक्षिणेकडील डॉर्चेस्टर टेकड्यांवर मोर्चे उभारले. जमीन थंडीनें दगडासारखी झाली होती, खणतां येईना. म्हणून लांकडी चौकटी, फाट्यांच्या मोळ्या व गवताचे भारे आगाऊ तयार ठेवले होते, ते रातोरात वर चढविले. सकाळीं इंग्रजांनीं पाहिलें तों टेकडीवर तोफांचीं तोंडें शहराकडे व बंदराकडे वळलेलीं! जनरल हौ ह्यानें हल्ल्याचा बेत केला, परंतु वादळामुळें तो फसला. शेवटीं शहर जाळूं नये, आणि निघून जाणाऱ्यांवर गोळे टाकूं नयेत, अशी न लिहिलेली तडजोड होऊन ता. १७ मार्च रोजीं इंग्रजांचीं जहाजें निघालीं. त्यांच्याबरोबर राजाशीं इमान राखणारे हजारावर नागरिकही घरेंदारें सोडून हॅलिफॅक्सकडे गेले. ह्या माणसांचा पदकावर कोठेंही उल्लेख नाहीं. जिंकणाऱ्यांच्या पदकावर तो सहसा नसतोच.

ह्याच महिन्यांत इकडे काय चाललें होतें, ह्याची आठवण सहज होते. ता. १ मार्च १७७६ रोजीं कर्नल अप्टन आणि पुण्याचे कारभारी ह्यांच्यामध्यें पुरंदरचा तह झाला. एकाच महिन्यांत इंग्रज पृथ्वीच्या एका टोंकास तह करीत होते आणि दुसऱ्या टोंकास शहर सोडून जात होते. दोन्ही ठिकाणचा निकाल मात्र पुढें अगदीं उलट लागला.

फिलाडेल्फियास भरलेल्या काँग्रेसनें ता. २५ मार्च रोजीं सेनापतीचे आभार मानले आणि त्याला सुवर्णपदक देण्याचें ठरविलें. पदकाची योजना करण्यासाठीं जॉन अ‍ॅडम्स, जॉन जे व स्टीफन हॉपकिन्स अशा तिघांची कमिटी नेमली. तारीख लक्षांत घेण्याजोगी आहे. स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघावयास अद्याप तीन महिन्यांहून अधिक अवकाश होता. ज्या सभेनें पदक दिलें ती कायद्याच्या दृष्टीनें कोणत्याच राष्ट्राची सभा नव्हती. तिची टांकसाळ नव्हती, ठसे कोरणारा कारागीर नव्हता आणि खजिन्यांत सोनेंही नव्हतें. पदकें राजे देत असत. राजाविरुद्ध उठलेल्या सभेनें पदक देणें म्हणजे राजाचा एक अधिकार गुपचूप आपल्या हातीं घेणेंच होतें, असें आम्हांस वाटतें.

ह्या कमिटींतील जॉन अ‍ॅडम्सचें घर बोस्टनजवळ ब्रेन्ट्री येथें होतें. त्याची पत्नी अ‍ॅबिगेलबाई मुलांसह तेथेंच होत्या, आणि मार्चच्या आरंभीं झालेल्या तोफांच्या माऱ्यानें त्यांच्या घराच्या खिडक्या हादरत होत्या. पदकाचा ठराव झाला त्यानंतर सहाच दिवसांनीं, ता. ३१ मार्च रोजीं, त्यांनीं पतीस जें पत्र लिहिलें तें अमेरिकेच्या इतिहासांत फार प्रसिद्ध आहे. नवे कायदे कराल तेव्हां स्त्रियांची आठवण ठेवा, पतींच्या हातीं अनिर्बंध सत्ता देऊं नका, असा त्यांतील आग्रह होता. अ‍ॅडम्ससाहेबांनीं उत्तरीं थट्टा करून वेळ मारून नेली. पुढें ऑगस्टमध्यें त्यानेंच पत्नीस पत्र लिहून पदकाच्या नियोजित चित्राची हकीकत कळविली. फिलाडेल्फियांत राहणारा स्वित्झर्लंडचा चित्रकार द्यु सिमितियेर ह्यानें तें चित्र योजिलें होतें. स्वातंत्र्यदेवता हातांत भाला व टोपी घेऊन सेनापतीचा आधार घेऊन उभी आहे, बंदरांतील इंग्रजांच्या जहाजांनीं शहराकडे पाठ फिरविली आहे आणि अमेरिकन सैन्य शहरांत शिरत आहे, असा तो देखावा होता.

स्वतः वॉशिंग्टनला कमिटीनें त्याची पसंती विचारली होती. आपणांस जी योजना योग्य वाटेल ती मला मान्य आहे, अशा आशयाचें उत्तर त्यानें पाठविलें आणि तो पुन्हां युद्धाच्या कामास लागला.

त्यानंतर पदकाचें काम जवळजवळ आठ वर्षें तसेंच पडून राहिलें. काँग्रेस मात्र पदकें जाहीर करीतच होती: साराटोगाच्या विजयाबद्दल गेट्सला, स्टोनी पॉइंटच्या छाप्याबद्दल वेन, फ्लरी व स्ट्यूअर्ट ह्यांना, समुद्रावरील लढाईबद्दल पॉल जोन्सला, अशीं एकंदर अकरा. शब्दांत पदक देण्यास खर्च येत नाहीं. शिपायांस पगार देण्यास येतो, आणि तो देतां येत नव्हता. १७८३ च्या मार्चमध्यें न्यूबर्ग येथील छावणींत महिनोन् महिने पगार न मिळालेले अधिकारी काँग्रेसवर दांतओठ खाऊं लागले. सैन्यानें सभेवर चाल करून जावें अशी कुजबूज चालली होती. वॉशिंग्टन त्यांच्यापुढें एक पत्र वाचावयास उभा राहिला, अक्षर लागेना म्हणून त्यानें खिशांतून चष्मा काढला, आणि तुमच्याबरोबर चाकरी करतां करतां केस पिकले, आतां दृष्टीही चालली, अशा अर्थाचे शब्द बोलला. सेनापतीस चष्मा लावतांना त्या मंडळींनीं पूर्वीं पाहिलें नव्हतें. कित्येकांच्या डोळ्यांस पाणी आलें आणि बंड तेथेंच विझलें. त्याच वर्षीं ता. २३ डिसेंबर रोजीं अ‍ॅनापोलिस येथें काँग्रेससमोर त्यानें सेनापतिपदाचा राजीनामा दिला. आमच्या मतें पदकास खरी योग्यता आली ती बोस्टनमुळें तितकी नव्हे, जितकी ह्या दोन प्रसंगांमुळें. विजयी सेनापति सिंहासनाकडे न पाहतां घरीं गेला, हें इतिहासांत फारसें घडत नाहीं.

पदकांचें रखडलेलें काम पुन्हां हातीं घेतलें डेव्हिड हंफ्रीज ह्यानें. तो पूर्वीं वॉशिंग्टनच्या हाताखालीं होता आणि १७८४ मध्यें सरकारी कामानिमित्त पॅरिसला गेला. त्या वेळीं पदकांच्या कलेंत पॅरिसचा हात धरणारें शहर जगांत नव्हतें. लेख कसा असावा ह्यासाठीं त्यानें तेथील शिलालेख व साहित्य ह्यांच्या राजकीय परिषदेचा सल्ला घेतला. फ्रान्सच्या राजाच्या पंडितांनीं राजाविरुद्ध उठलेल्या प्रजेच्या सेनापतीसाठीं लॅटिन प्रशस्ति रचून द्यावी, ही मौज त्या वेळीं कोणाच्या लक्षांत आली असेल कीं नाहीं न कळे! हंफ्रीज १७८६ मध्यें परतला आणि पुढची जबाबदारी अमेरिकेचा फ्रान्समधील वकील थॉमस जेफरसन ह्यानें उचलली.

कोरण्याचें काम पिएर सिमाँ बेंजामिन द्युविव्हिए ह्याच्याकडे गेलें. तो राजाच्या टांकसाळीचा मुख्य ठसेकार असून त्याचा बापही नामांकित पदककार होता. म्हणजे विद्या घरांतलीच. अडचण अशी कीं, त्यानें वॉशिंग्टनला पाहिलेलें नव्हतें. परंतु उदाँ हा मूर्तिकार १७८५ च्या ऑक्टोबरांत मुद्दाम माउंट व्हर्नन येथें जाऊन सुमारें पंधरा दिवस राहिला होता. त्यानें वॉशिंग्टनच्या चेहऱ्यावर प्लास्टर घालून साचा घेतला व मातीचा अर्धपुतळा घडविला. त्या पुतळ्यावरून द्युविव्हिएनें पदकावरील मुखवटा कोरला.

आतां पदकच हातांत घेऊं. दर्शनी बाजूस उजवीकडे तोंड केलेला मुखवटा आहे. डोक्यावर विजयमाला नाहीं, अंगावर गणवेश नाहीं. केस मागें बांधलेले, कपाळ उघडें, ओठ घट्ट मिटलेले. मानेखालीं कारागिराचें नांव आहे. भोंवतालचा लेख असा: जॉर्ज वॉशिंग्टन, सैन्यांचा सर्वश्रेष्ठ सेनापति, स्वातंत्र्याचा कैवारी, ह्यास, आणि खालीं, अमेरिकन काँग्रेस. व्याकरणाची आवड असणाऱ्या वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. मूळ लॅटिनांत सेनापतीचें नांव चतुर्थींत आहे, काँग्रेसचें प्रथमेंत आहे, आणि क्रियापद मुळींच नाहीं. राजांच्या पदकांवर राजा कर्ता असतो. येथें सेनापति संप्रदान आहे आणि कर्तेपण सभेकडे आहे. नव्या राज्यघटनेचें एक मोठें तत्त्व ह्या विभक्तींत येऊन बसलें आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

मागील बाजूचें चित्र अधिक भरलेलें आहे. डाव्या अंगास टेकडीवर वॉशिंग्टन व त्याचे सहकारी घोड्यांवर बसलेले आहेत आणि तो हात लांब करून शहराकडे व दूर जाणाऱ्या गलबतांकडे बोट दाखवीत आहे. पुढें तोफा व गोळे. मध्यें सैन्याच्या रांगा. एवढ्याशा जागेंत इतकें अंतर दाखविणें सोपें नव्हे. शत्रूस प्रथमच पळवून बोस्टन परत मिळविलें, ता. १७ मार्च १७७६, असा तेथील लेख आहे. खरें पाहतां हौ पळाला नाहीं, तडजोड करून निघून गेला; पण प्रशस्तिकार सगळीकडे सारखेच, आपल्या शिलालेखांतूनही शत्रु नेहमीं दशदिशांस पळतच असतात. आम्हांस खटकतें तें दुसरेंच. द्यु सिमितियेरच्या चित्रांतील स्वातंत्र्यदेवता पदकावर कोठेंच दिसत नाहीं. देखाव्यांत आहेत ते सगळे पुरुष, घोडे आणि तोफा. ब्रेन्ट्रीच्या बाईंनीं मागितलेली आठवण कायद्यांत राहिली नाहीं, तशी ती पदकावरही राहिली नाहीं.

पॅरिसच्या टांकसाळींत हें पदक १७८९ सालीं पाडलें गेलें. त्याच वर्षीं जुलैमध्यें बॅस्तीलचा तुरुंग पडला, आणि पुढें दोन वर्षांनीं द्युविव्हिएची टांकसाळींतील जागाही गेली. ती जागा मिळाली द्युप्रेला, ज्यानें अमेरिकेचीं दुसरीं कित्येक पदकें कोरलीं होतीं. जेफरसन मायदेशीं परत आला आणि १७९० च्या मार्चमध्यें न्यूयॉर्क येथें सुवर्णपदक वॉशिंग्टनच्या हातीं आलें. पदकावर सेनापति लिहिलें होतें. घेणारा तोंपर्यंत राष्ट्राध्यक्ष होऊन वर्ष होत आलें होतें. ज्या कॉर्नवॉलिसनें १७८१ मध्यें यॉर्कटाउन येथें त्याच्यापुढें शस्त्रें ठेविलीं, तो त्या वेळीं हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता आणि त्याच सालच्या जूनमध्यें टिपूविरुद्ध त्याच्या सरकारचा पेशव्यांशीं पुण्यास तह झाला.

सोन्याच्या प्रतीची पुढील कहाणी एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास चांगली समजेल. वॉशिंग्टनला स्वतःचें अपत्य नव्हतें. १७९९ मध्यें तो वारल्यावर पदक पुतण्याच्या शाखेंत गेलें. भांडीं वांटतां येतात, जमिनीचे तुकडे पडतात, पण पदकाची वांटणी होत नाहीं. तें एकाच्याच पेटींत जातें आणि बाकीचे तें आठवीत राहतात. अमेरिकेंतील यादवी युद्धांत तें एका घराच्या तळघरांत पुरून ठेवावें लागलें. वरची पेटी कुजली, सोन्यास कांहीं झालें नाहीं. पुढें १८७६ सालीं, बोस्टन सोडविल्यास शंभर वर्षें झालीं त्या प्रसंगीं, बोस्टनच्या नागरिकांनीं वर्गणी करून ५,००० डॉलरांस तें विकत घेतलें आणि शहरास दिलें. तें तेथील सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्वाधीन झालें. ज्या शहरासाठीं तें पाडलें त्या शहरांत तें शंभर वर्षांनीं पोंचलें, आणि तेंही पुस्तकांच्या सहवासांत. नॉक्सला हें पाहून आनंद झाला असता. वॉशिंग्टनजवळ ह्या मालिकेंतील पदकांचा चांदीचा संचही होता. तो पुढें डॅनियल वेब्स्टरनें घेतला व कालांतरानें मॅसॅच्युसेट्सच्या इतिहासमंडळाकडे आला.

सोनें एकच, लोकांच्या हातीं गेलीं तीं ब्राँझचीं. ह्या शब्दांतही थोडा घोटाळा आहे. अठराव्या शतकांतील ज्या पदकांस ब्राँझचीं म्हणतात तीं बहुधा शुद्ध तांब्याचीं असत. पोलादी ठसा हातानें कोरून त्यास पाणी द्यावयाचें, चकती दोन ठशांमध्यें ठेवून मळसूत्री दाबयंत्राचा तडाखा द्यावयाचा, धातु ताठ झाला कीं तापवून पुन्हां मऊ करावयाचा आणि पुन्हां दाबावयाचा. इतक्या मोठ्या पदकास एका तडाख्यानें काम भागत नाहीं. शेवटीं उष्णतेनें व रसायनांनीं त्यावर तपकिरी रंग चढवीत, आणि त्यालाच ब्राँझ करणें म्हणत. मूळ ठसे झिजल्यावर पॅरिसच्या टांकसाळीनें नवे ठसे करून हें पदक पुन्हां पुन्हां पाडलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत फिलाडेल्फियाच्या टांकसाळीनेंही आपल्या नकला काढल्या. पॅरिसची प्रत केव्हांची हें ओळखण्याची युक्ति पदकाच्या कडेवर असते. जुन्या प्रतींची कड कोरी. १८३२ पासून पुढें तेथें बारीक खुणा आल्या: आधीं दिवा, मग नांगर, मग गलबताचें नाक, मग बोट दाखविणारा हात, १८६० पासून १८८० च्या सुमारापर्यंत मधमाशी, आणि त्यानंतर शिंग. पुढें धातूचें नांवही कडेवर येऊं लागलें, आणि तेथें तांबें असेल तर सरळ तांबेंच लिहिलेलें असतें.

सेनापतीस सोनें मिळालें, तर शिपायास काय? हा प्रश्न खुद्द वॉशिंग्टनलाच पडला होता, हें त्याचें भूषण. स्वतःचें पदक अजून कागदावरच असतांना, ता. ७ ऑगस्ट १७८२ रोजीं, त्यानें हुकूम काढला कीं विशेष कामगिरी करणाऱ्या साध्या शिपायानें डाव्या छातीवर जांभळ्या कापडाचें वा रेशमाचें, भोंवतीं अरुंद किनार लावलेलें हृदयाच्या आकाराचें चिन्ह धारण करावें, आणि अशा माणसास पहाऱ्यांवरून बिनहरकत जाऊं द्यावें. खजिन्यांत कांहीं नव्हतें, पण कापड होतें. तें चिन्ह मिळालेलीं तीनच नांवें निश्चित ठाऊक आहेत; तिघेही कनेक्टिकटचे हवालदार. पुढें तें चिन्ह विस्मरणांत गेलें व १९३२ मध्यें वॉशिंग्टनच्या जन्मास दोनशें वर्षें झालीं तेव्हां अमेरिकेच्या सरकारनें तें धातूच्या रूपानें पुन्हां सुरू केलें. त्याच्या मध्यभागीं वॉशिंग्टनचाच मुखवटा आहे.

पदकांच्या धातूंची ही उतरंड आपल्या घरांपर्यंतही पोंचलेली आहे. १९१४ च्या महायुद्धांत लढणाऱ्या शिपायांस जें युद्धपदक चांदीचें मिळालें, तेंच हमाली, खणती व वाहतूक करणाऱ्या हिंदी लोकांच्या तुकड्यांस ब्राँझचें दिलें गेलें. रत्नागिरी, सातारा, पुणें ह्या जिल्ह्यांतून शिपाई व मजूर म्हणून किती तरी माणसें त्या युद्धास गेलीं होतीं, आणि अशीं पदकें अजूनही कोठें कोठें जुन्या पेट्यांच्या तळाशीं सांपडतात. कोणाच्या घरीं असें एखादें असेल तर त्याची कड वळवून पाहावी. ह्या युद्धपदकाच्या कडेवर मिळविणाऱ्याची ओळख बारीक अक्षरांत कोरलेली असते. आणि गृहिणींस एक विनंति: तांब्याचीं भांडीं उजळावयाचीं म्हणून हींही चिंच व मीठ लावून घांसूं नयेत. वरचा तपकिरी रंग हा मळ नव्हे. तो गेला कीं कडेवरचें नांवही हळूहळू पुसलें जातें.